फिलान्थ्रॉपिक लीडरशिपमधली प्रोफेशनल डॉक्टरेट, नोकरी सांभाळून करावी का?

घाटकोपर_ईस्ट

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

वय ४६, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) मुंबईतच केलं, त्यानंतर सगळी नोकरी सामाजिक संस्थांमध्येच. आधी वस्तीत काम, मग प्रोग्रॅम मॅनेजर, आता एका मध्यम आकाराच्या ट्रस्टची डायरेक्टर. काम मुख्यतः गोवंडी-मानखुर्दकडे, बालवाड्या आणि किशोरवयीन मुलींचे गट. डायरेक्टर म्हटलं की लोकांना एसी केबिन दिसते, प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस प्रपोजल, बजेट, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) आणि बोर्ड मीटिंगचे मिनिट्स यात जातो आणि उरलेला निम्मा कंपन्यांच्या रिसेप्शनला व्हिजिटर पास गळ्यात घालून बसण्यात.

तर अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीचं लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी आहे, इंडियानापोलिसला. तिथे फिलान्थ्रॉपिक लीडरशिपची, म्हणजे देणगी आणि सामाजिक संस्थांच्या नेतृत्वाची, प्रोफेशनल डॉक्टरेट आहे, आमच्यासारख्या अनुभवी लोकांनी नोकरी न सोडता करायची, बरंचसं ऑनलाइन. माहिती वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. इतकी वर्षं नुसतं काम उपसलं, त्यावर कधी बसून विचार केलाच नाही असं वाटायला लागलंय. पण दुसरीकडे मुलगा अकरावीला, घराचे हप्ते चालू, नवरा म्हणतो कर की, पण मग रात्री दोनला माझ्यापुढे रडायचं नाही. आणि आमचे एक ट्रस्टी म्हणाले, करून टाका मॅडम, नावाआधी डॉ. लागलं की डोनरसमोर वजन पडतं.

हे प्रकरण नक्की काय असतं, पीएचडीपेक्षा वेगळं काय, इथे त्याला कोणी विचारतं का, आणि एवढे पैसे घालावेत का? केलेल्यांनी, करायचं म्हणून सोडलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. कडू लिहिलंत तरी चालेल.

परळचा_पाव्हणा

डॉ. च लावायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला ताई, दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये मानद डॉक्टरेट वाटप असतं, तुम्ही ट्रस्ट चालवता म्हटल्यावर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण आलंच असेल. "आपली निवड झाली आहे", खाली क्यूआर कोड. गाऊन, टोपी, फोटो आणि दुपारचं जेवण सगळं त्यातच. आमच्या एरियात असे तीन डॉक्टर आहेत, तिघांच्याही गाडीच्या काचेवर लिहिलेलं आहे आणि पहिला जो आहे तो मूळचा टँकरवाला.

घाटकोपर_ईस्ट

आली होती की आमंत्रणं, दोनदा 😀 आमच्या अकाउंटंटने विचारलं होतं, हे कुठल्या हेडखाली टाकू.

देवनार_कॅम्पस

सोशल वर्क कॉलेजमध्ये शिकवते त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, कोर्स खरा आहे आणि संस्था जुनी आहे. १९८७ मध्ये तिथे सेंटर ऑन फिलान्थ्रॉपी म्हणून सुरुवात झाली, २०१२ मध्ये त्याचं स्वतंत्र स्कूल झालं. हँक रोसो यांनी १९७४ मध्ये काढलेलं द फंड रेझिंग स्कूल, जिथे डोनेशन कसं मागायचं हे चक्क शिकवतात, तेही आता यांच्याच छत्राखाली आहे. त्यांच्याकडे फिलान्थ्रॉपिक स्टडीजची पीएचडी वेगळी आणि ही प्रोफेशनल डॉक्टरेट वेगळी, अर्ज करताना गफलत करू नका.

फरक असा की पीएचडीवाला बहुतेक वेळा विषयाच्या बाजूने येतो. आधी कोणी काय लिहिलंय ते वाचतो, त्यात कुठे जागा रिकामी आहे ते बघतो, ती भरतो आणि मग विद्यापीठात नोकरी शोधतो. प्रोफेशनल डॉक्टरेटवाला कामाच्या बाजूने येतो. त्याच्या टेबलावर एक प्रश्न वर्षानुवर्षं पडलेला असतो, तो नीट पद्धतशीर तपासायचा, पुरावा गोळा करायचा आणि जे सापडेल ते परत त्याच कामात वापरायचं. प्रबंध असतो, पद्धतीशास्त्र असतं, त्यात सूट नसते, त्यामुळे हे हलकं आहे असं समजू नका. प्रकारही नवीन नाहीये, शिक्षणक्षेत्रातली ईडीडी अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीपासून आहे, मॅनेजमेंटवाल्यांची डीबीए तर आपल्याकडेही आता ऐकायला मिळते.

आता इथे चालतं का. तुम्हाला कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर सरळ विसरा. त्यासाठी नेट किंवा सेट नाहीतर पीएचडी लागते, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमात आपल्या संस्थांना ऑनलाइन किंवा डिस्टन्स पीएचडी चालवायलाच मनाई आहे, तेव्हा परदेशातून ऑनलाइन घेतलेल्या डॉक्टरेटकडे इथलं सिलेक्शन पॅनल कुठल्या नजरेने बघेल ते तुम्हीच ठरवा. पण एक दुसरी वाट आहे जी फार कोणाला माहीत नसते. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस. हेही यूजीसीने २०२२ मध्येच आणलंय, किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, डिग्रीची सक्ती नाही, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आणि अपवाद म्हणून आणखी एक. शिकवण्याची हौस असेल तर तुम्ही आजही त्यात बसता, डॉलर न घालता.

डॉक्टरेटच हवी आणि इथली हवी तर पार्ट टाइम पीएचडी आहेच, संस्थेकडून एनओसी लागते. मुंबईत गाइड मिळणं हे मात्र म्हाडाची लॉटरी लागण्यासारखं आहे.

आणि तुम्हीच लिहिलंय की काम उपसलं, विचार केला नाही. मला तिथेच अडलं. डॉक्टरेट करणाऱ्या अर्ध्या लोकांना मी विचारते, तुझा प्रश्न काय, तर ते विषय सांगतात. "महिला सक्षमीकरण" हा काही प्रश्न नव्हे. तुमच्याकडे असा प्रश्न आहे का जो तुम्हाला खरंच त्रास देतो? असेल तर कोर्सचा विचार करा. नसेल तर आधी सहा महिने वाचा, फुकट आहे.

बीकेसी_कबूतर

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, एका कंपनीचं सीएसआर, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च, बघतो, नाव विचारू नका.

ट्रस्टी साहेबांना सांगा की डोनरसमोर डॉ. ने काडीचा फरक पडत नाही. आमच्याकडे प्रपोजल आलं की पहिल्यांदा सीएसआर-१ रजिस्ट्रेशन नंबर (सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेला लागणारी नोंदणी) बघतात, मग १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, तीन वर्षांचे ऑडिटेड अकाउंट्स, मग पर बेनिफिशियरी कॉस्ट, म्हणजे दर लाभार्थ्यामागचा खर्च. कमिटीच्या मीटिंगला त्या प्रपोजलचं एका स्लाइडमध्ये कडबोळं झालेलं असतं आणि त्यावर तुमचं नावसुद्धा नसतं, संस्थेचा लोगो असतो.

हां, एका ठिकाणी फरक पडतो. जेव्हा डोनर काहीतरी चुकीचं सांगत असतो आणि त्याला समोरून अडवायचं असतं. उदाहरण देतो. सीएसआर रूल्समध्ये अ‍ॅडमिन खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर डिपार्टमेंटच्या खर्चावर आहे, म्हणजे माझा पगार, माझा लॅपटॉप. संस्थेच्या खर्चावर नाहीये, प्रोजेक्ट राबवायला लागणारा पगार तर त्यात मोजतच नाहीत. पण निम्म्या कंपन्या हीच ५ टक्क्यांची पट्टी घेऊन एनजीओच्या बजेटवर बसतात, अकाउंटंटचा पगार काप, भाडं काप, डायरेक्टर कशाला हवी ते काप. आणि गंमत म्हणजे संस्थाही मुकाट ऐकून घेतात कारण भांडलो तर ग्रँट जाईल. मला इतक्या वर्षांत फक्त एका बाईंनी रूल काढून दाखवला, पानासकट, आणि आमच्या फायनान्सवाल्याला गप्प बसावं लागलं. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती बरं का.

सांगायचं एवढंच की वजन पडतं ते असल्या गोष्टीने पडतं. कोर्समधून हे येणार असेल तर करा.

परळचा_पाव्हणा

कबूतर साहेब, तुम्ही लोक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे फोन करता ना, "पंधरा लाख उरलेत, परवापर्यंत प्रपोजल द्या", त्यावर पण कोणीतरी डॉक्टरेट करा.

बीकेसी_कबूतर

आता तेवढी घाई राहिली नाही हो. २०२१ पासून उरलेल्या पैशाची वासलात लावायला रीतसर नियम आहेत, चालू प्रोजेक्टचे पैसे ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट अकाउंटला टाकायचे, बाकीचे सहा महिन्यांत सरकारी फंडात. पण फोन येतात हे खरंय, नाही कशाला म्हणू.

घाटकोपर_ईस्ट

देवनार मॅडम, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. आता लिहिते, लांब आहे.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या पैशातून आम्ही वस्तीत सहा बालवाड्या चालवल्या. सगळं छान झालं, शिक्षिका वस्तीतल्याच, बाया आधी दारात उभं राहून बघायच्या मग आत येऊन बसायला लागल्या. त्यातल्या एका खोलीत मी जास्त जायचे, दहा बाय बाराची, खाली भंगाराचं गोडाऊन, वर लोखंडी शिडी, शिडीला मुलांसाठी शिक्षिकेने जुन्या ओढणीच्या पट्ट्या विणून कठडा केला होता कारण बजेटमध्ये "इन्फ्रास्ट्रक्चर" ही लाइनच नव्हती. तीन वर्षं झाली, कंपनीने फोकस एरिया बदलला, पाण्यावर काम करायचं ठरलं, आम्हाला क्लोजर रिपोर्ट मागितला. मी तो लिहिला. चाळीस पानं, फोटो, केस स्टोरी, किती मुलं शाळेत दाखल झाली त्याचा तक्ता. त्या रिपोर्टमध्ये एक प्रश्नच नव्हता की आता पुढे काय. फॉरमॅटमध्येच नव्हता. सहापैकी दोन बालवाड्या आम्ही दुसरीकडून पैसे जोडून चालू ठेवल्या, एक शिक्षिकेने स्वतः घरोघरी फी घेऊन चालवली आणि ती अजून चालू आहे, ओढणीवालीच, आणि बाकीच्या तीन बंद पडल्या. का? तीच वस्ती, तेच ट्रेनिंग, तेच पैसे. मला खरंच माहीत नाही. अंदाज आहेत, पण बोर्डाला सांगायला आणि स्वतःला पटवायला यात फरक असतो.

हा प्रश्न म्हणून चालेल का? की डोनर गेल्यावर काय टिकतं आणि ते कशामुळे.

देवनार_कॅम्पस

चालेल म्हणजे काय, धावेल. हे आधी का नाही लिहिलंत.

फक्त अजून मोठा आहे, कापायला लागेल. "डोनर गेल्यावर काय टिकतं" यावर जगभर लिहिलं गेलंय, तुमची जागा त्यात ही की सहा सारख्या बालवाड्या, एकाच वस्तीत, एकाच दिवशी पैसा थांबलेला. असं सहसा मिळत नाही. आणि तुम्ही आतल्या आहात त्याचा फायदाही आहे आणि तोटाही, शिक्षिका तुम्हाला खरं सांगतील का? तुम्ही तेव्हाही त्यांच्या बॉस होतात आणि आजही आहात. मुलाखती दुसऱ्या कोणीतरी घ्याव्या लागतील.

बीकेसी_कबूतर

ताई, हे वाचून जरा ओशाळलो, कारण असले क्लोजर रिपोर्ट मी फाइल केलेत. पण एक सांगतो, तीन वर्षं हा आकडा कंपनीच्या मनातून आलेला नसतो. रूल्समध्ये ऑनगोइंग प्रोजेक्टची व्याख्याच तशी आहे, सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. मग सगळे टेम्प्लेट त्यावरूनच बनतात. तीन वर्षं झाली की तेच काम नवीन प्रोजेक्ट म्हणून परत मंजूर करायला कोणी अडवलेलं नाही, पण बोर्डाला नवीन काहीतरी हवं असतं, अ‍ॅन्युअल रिपोर्टमध्ये तोच फोटो परत कसा टाकणार.

आणि दुसरी बाजू बघा. इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा परिणाम तपासणं, सक्तीचं आहे, बाहेरच्या एजन्सीकडून, प्रोजेक्ट संपून किमान एक वर्ष झाल्यावर. म्हणजे कायद्याला हे सुचलंय की नंतर जाऊन बघा म्हणून. पण कोणाला? ज्यांची सरासरी सीएसआर जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना, आणि प्रोजेक्ट १ कोटी किंवा त्याहून मोठा असेल तर. तुमच्या सहा बालवाड्या १ कोटीच्या जवळपास तरी गेल्या होत्या का? नसणार. म्हणजे मुंबईतल्या बहुतेक छोट्या कामाकडे नंतर कोणीच वळून बघत नाही, तसा नियमच नाही. तुमचा प्रश्न बरोबर त्या भोकात बसतो. मी तुमच्या जागी असतो तर हाच परिच्छेद अर्जाच्या निबंधात टाकला असता.

घाटकोपर_ईस्ट

१ कोटी?? तीन वर्षांचं मिळून त्याच्या निम्मंही नव्हतं. सेव्ह करून ठेवलंय हे.

टी_जंक्शन

सगळे हुशार लोक बोलतायत तर मी पण बोलतो. मी धारावीत फील्ड कोऑर्डिनेटर आहे, ऑफिस नाही, बाइक आणि फोन.

मॅडम तुमचा राग येऊन नाही लिहित, पण आमच्या इथे असंच झालं. आमच्या आधीच्या हेड मॅडम कुठलातरी मोठा कोर्स करत होत्या, दोन वर्षं त्या आठवड्यातून दोन दिवस "रायटिंग डे" वर असायच्या. त्यांचं काम कुठे गेलं? खाली आलं. आमच्यावर. पगार तोच. मग त्यांचा अभ्यास झाला, प्रेझेंटेशन झालं, इंग्लिशमध्ये, आम्हाला लिंक पाठवली. आमच्या सात जणांपैकी एकाने उघडली असेल. आमच्यावरच होता तो अभ्यास! आम्हीच सर्व्हे केलेले. मग मॅडम दिल्लीला मोठ्या फाउंडेशनमध्ये गेल्या.

तर करा पण आधी ठरवा की तुम्ही वाचत बसाल तेव्हा गोवंडी कोण बघणार आणि त्याला त्याचे पैसे मिळणार का. आणि ज्या शिक्षिकांना विचारणार त्यांना शेवटी काय सापडलं ते हिंदी-मराठीत, जमलं तर उर्दूत, खोलीत बसून सांगा. पीडीएफ नको.

परळचा_पाव्हणा

टी_जंक्शन भाऊ +१००. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

घाटकोपर_ईस्ट

दादा, राग कसला, बरोबर बोललात. आमच्याकडे डेप्युटी आहे, ती आत्ताच दोघांचं काम करते. तिला अ‍ॅक्टिंग चार्ज आणि वाढीव पगार बोर्डाकडून आधी मंजूर करून घ्यायचा आणि मगच अर्ज, हे डोक्यात नव्हतं, आता आहे. मुलाखती घ्यायला बाहेरचं माणूस लागणार तोही खर्च आलाच.

गिरगावचे_सीए_काका

फीचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो.

एक, ही फी ट्रस्टकडून घ्यायचा मोह होईल. जपून. आयकर कायद्यात ट्रस्टशी संबंधित माणसांना फायदा पोचला तर ट्रस्टची करमाफी धोक्यात येते आणि त्या माणसांच्या यादीत ट्रस्टीबरोबर मॅनेजरही आहे, हुद्दा काहीही म्हणा. तुम्ही डायरेक्टर म्हणजे तुम्ही त्यात आलात. पगार मिळतो तो कामाचा मोबदला म्हणून चालतो, पण लाखो रुपयांची परदेशी डॉक्टरेटची फी म्हणजे असेसिंग ऑफिसरच्या हातात कोलीत. बोर्डाचा ठराव, स्टाफ ट्रेनिंगची सगळ्यांना लागू असलेली पॉलिसी, सगळं असलं तरी लेखी सल्ला घेतल्याशिवाय करू नका. चॅरिटी कमिशनरकडे वरळीला कोणी तक्रार ठोकली तर त्या फेऱ्या वेगळ्या. एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीचा, पैसा असेल तर त्याला हातच लावू नका, २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आलीये, तिथे आधीच जागा नाही.

दोन, स्वतः भरणार असाल तर एलआरएसमधून (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जाईल, वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, तिथे तुम्ही काही पोचत नाही. वर्षात १० लाखांवर रक्कम गेली की टीसीएसचा (बँक पैसे पाठवतानाच आगाऊ घेते तो कर) प्रश्न येतो, कापला तरी रिटर्नमध्ये वळता होतो पण तोपर्यंत पैसे अडकतात. ऑनलाइन कोर्सला बँक शिक्षण धरते की दुसरंच काही, हे शाखेत विचारून लेखी घ्या, दर त्यावर ठरतो.

तीन, क्लासची वेळ. इंडियानापोलिस आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. तिकडे संध्याकाळी सहाचा लाइव्ह क्लास म्हणजे इथे पहाटे साडेतीन, थंडीत साडेचार. माझी मुलगी तिकडच्या ऑफिसचं काम घरून करते, घरात कोणी कुकर लावायचा नाही. तेव्हा नवऱ्याला रात्री दोनचं रडणं नव्हे, पहाटे साडेतीनचा अलार्म सांगा.

घाटकोपर_ईस्ट

काका 😀 नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला पहाटे साडेतीनला तुझ्या हातचा चहा मिळणार असेल तर माझी हरकत नाही.

फीचं मात्र गंभीरपणे घेतलं. ट्रस्टकडून एक रुपया नको असंच ठरवतेय. युनिव्हर्सिटीकडे स्कॉलरशिपबद्दल विचारलंय.

फास्ट_लोकल_फर्स्ट_क्लास

उशिरा आले. थोडा वेगळा सूर लावते. मी जुन्या पारशी ट्रस्टमध्ये काम करते, ग्रँट देण्याच्या बाजूला. या शहरात दान देणाऱ्यांना अटी घालायची सवय काही सीएसआरने लावलेली नाही. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या १,५७,००० रुपयांतून झाला, सरकारने हात वर केले होते, आणि त्यांनी अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. अट होती, पण वापरणाऱ्याच्या बाजूची. आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून जे समाजकार्याचं स्कूल निघालं, म्हणजे आजचं टिस, ते आधी नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये भरायचं, वस्तीला चिकटूनच. तेव्हा मुंबईवाल्याने फिलान्थ्रॉपी शिकायला इंडियानाला जावं याची मला जरा गंमत वाटते. तिथल्या रीडिंग लिस्टमध्ये कार्नेगी-रॉकफेलर असणार, आपल्या सेठ-शेटजींचं, वक्फचं, मंदिरांच्या अन्नछत्राचं, गिरणगावातल्या वर्गणीचं काय? तुम्ही कराल तर तुमच्या प्रबंधात हे आणा, नाहीतर आपण परत तिकडचेच शब्द घेऊन येणार आणि गोवंडीवर चिकटवणार.

करू नका असं नाही म्हणत. पण अर्ज करायच्या आधी त्यांच्या फॅकल्टीत आशियावर काम करणारं कोण आहे ते बघा, त्यांना मेल टाका, गाइड तुमच्या वस्तीचा विचार करू शकेल का ते आधी कळलं पाहिजे. आणि तुलनेला म्हणून इथलंही बघून ठेवा, एसपी जैनचा डेव्हलपमेंट मॅनेजमेंटचा कार्यक्रम अंधेरीतच आहे, अशोका युनिव्हर्सिटीत सेंटर फॉर सोशल इम्पॅक्ट अँड फिलान्थ्रॉपी आहे. डॉक्टरेट नसेना का, माणसं भेटतील.

देवनार_कॅम्पस

गिरणगावातल्या वर्गणीचा मुद्दा भारी आहे. घाटकोपर ताई, तुमची ती फी घेऊन चालवणारी शिक्षिका, ती नक्की काय करते? महिन्याला ठरलेली फी घेते की ज्याला जेवढं जमेल तेवढं? कारण दुसरं असेल तर तो धंदा नाही, वर्गणी आहे, आणि मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्या वहीत असेल.

घाटकोपर_ईस्ट

वही आहे!! शंभर पानी, मागून पुढे लिहिलेली कारण पुढून मुलांची हजेरी आहे. कोणी पन्नास, कोणी शंभर, एक भंगारवाला महिन्याला पाचशे देतो आणि त्याचं मूल तिथे नाहीच आहे. मी बघितली होती पण त्या नजरेने नाही.

बीकेसी_कबूतर

खाली गोडाऊन ज्याचं आहे तोच का हा?

घाटकोपर_ईस्ट

तोच.

देवनार_कॅम्पस

झालं मग, कोर्स करा किंवा करू नका, हा अभ्यास तर करावाच लागणार तुम्हाला.

आता रुक्ष गोष्टी. त्या वहीचे फोटो आत्ता काढत सुटू नका. अमेरिकन विद्यापीठात माणसांवरच्या संशोधनाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, तिच्या आधी गोळा केलेला डेटा नंतर वापरायचा म्हणजे डोकेदुखी. शिक्षिकेची संमती तिच्या भाषेत, आणि "नाही म्हटलं तरी नोकरीवर परिणाम होणार नाही" हे तुमच्या तोंडून नाही, दुसऱ्याच्या तोंडून. आणि त्या कंपनीबरोबरचं जुनं एमओयू (करारपत्र) काढा, त्यात डेटा आणि रिपोर्ट कोणाच्या मालकीचे, प्रसिद्ध करायला परवानगी लागते का, हे क्लॉज असतातच.

घाटकोपर_ईस्ट

एमओयू काढला. आहे. "प्रोजेक्टसंबंधी कोणतीही माहिती पूर्व लेखी परवानगीशिवाय प्रकाशित करता येणार नाही", आणि करार संपल्यावरही हा क्लॉज लागू राहील असं खाली बारीक अक्षरात. तिथली आमची ओळखीची मॅनेजर केव्हाच सोडून गेली. कबूतर साहेब, असल्या मेलला कंपनीत कोण उत्तर देतं हो?

बीकेसी_कबूतर

सीएसआरला पाठवलंत तर लीगलला जाईल आणि तिथे झोपेल. सीएसआर हेडला टू मध्ये ठेवा, कंपनी सेक्रेटरीला सीसी करा, आणि मेलमध्ये "कंपनीचं नाव प्रबंधात येणार नाही" हे पहिल्याच ओळीत टाका. टीका करणार आहात असा वास आला नाही पाहिजे, तुम्ही "लाँग टर्म आउटकम" बघताय. हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना आवडतो.

टी_जंक्शन

आणि त्या शिक्षिकेला आधी विचारा, कंपनीला नंतर.

घाटकोपर_ईस्ट

हो दादा, शनिवारी जातेय. डेप्युटीला घेऊन.

काका, अ‍ॅडमिशन झालीच तर बँकेत फी पाठवायला काय काय लागतं? एकदाच सांगून ठेवा.

गिरगावचे_सीए_काका

ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज), पॅन, युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर आणि फीचं इनव्हॉइस. लेटर हातात आल्याशिवाय शाखेत जाऊ नका, परत पाठवतील. आणि लंच टाइमच्या आधी जा.